मातीपर्यंतची वाट : सानगडीची जमीन आणि घरातील यंत्रांचे अर्थिंग

आकाशातून कोसळणारी आणि तारेतून घरात येणारी, अशा दोहोंना मराठीत वीज हा एकच शब्द आहे; आणि भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या गावात, जिथे उन्हाळ्याच्या अखेरच्या वादळांपासून परतीच्या पावसापर्यंत आभाळ गडगडत राहते, तिथे या दोन विजांची गाठ खरोखरच एका ठिकाणी पडते. ते ठिकाण म्हणजे टेबलावरचा संगणक, त्याच्या शेजारचा राऊटर किंवा मोडेम, आणि भिंतीवर चार्जिंगला लावलेला फोन. पंखा, पिठाची चक्की किंवा पाण्याची मोटर क्षणभराचा हजार-दोन हजार व्होल्टचा झटका बहुधा सोसून जाते. संगणकाच्या आतील सूक्ष्म मंडले मात्र मोजक्याच व्होल्टवर चालतात, आणि त्यांना तो झटका सोसवत नाही. शिवाय या यंत्रांना एकच तार येत नाही. वीजपुरवठ्याची एक, टेलिफोनची किंवा इंटरनेटची दुसरी, कुठे डिश अँटेनाची तिसरी, अशा निरनिराळ्या दिशांनी निरनिराळ्या तारा येऊन त्यांत मिळतात. नुकसानाचे खरे कारण यंत्राच्या नाजूकपणापेक्षा तारांच्या या गर्दीत अधिक आहे, ही गोष्ट वायरमनच्या आणि घरमालकाच्याही ध्यानात सहसा येत नाही.

अर्थिंग, ज्याला शासकीय परिभाषेत भूसंपर्कन म्हणतात, म्हणजे विद्युत उपकरणाच्या धातूच्या अंगाचा आणि पुरवठ्याच्या ठरावीक बिंदूचा जमिनीशी जाणीवपूर्वक केलेला संबंध होय. हा एकच शब्द तीन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. पहिले काम माणसाला धक्क्यापासून वाचवण्याचे. दुसरे, बिघाड झाल्यास पुरेसा प्रवाह वाहू देऊन फ्यूज उडवण्याचे किंवा एमसीबी पाडण्याचे. आणि तिसरे, तारेवरून आलेली क्षणिक लाट, जिला सर्ज म्हणतात, ती यंत्राला वळसा घालून मातीत नेण्याचे. पहिल्या कामासाठी पुरणारे अर्थिंग दुसऱ्याला अपुरे पडू शकते, आणि पहिली दोन्ही कामे चोख करणारे अर्थिंग तिसऱ्या कामात साफ निरुपयोगी ठरू शकते.

जमिनीपासूनच आरंभ करावा लागतो, कारण सानगडीची जमीन एकजिनसी नाही. हा मुलूख झाडीपट्टीचा, भाताचा आणि तलावांचा. गावाला जुना किल्ला आहे, आणि भोवतालच्या प्रदेशाच्या पोटात जे खडक आहेत त्यांना भूशास्त्रात साकोली समूह असे याच तालुक्याच्या गावावरून नाव पडले आहे. फायलाइट, शिस्ट, क्वार्टझाइट अशा या अतिप्राचीन रूपांतरित खडकांवर कुठे मातीचा थर जाड आहे, तर कुठे पहारीच्या दोन घावांत खडक लागतो. शेतकरी या मातीला मोरंड, सिहार, खर्डी, बरड अशा नावांनी ओळखतो आणि त्यावरून कुठे कोणता धान पिकेल हे ठरवतो. विजेच्या दृष्टीनेही ही नावे उपयोगी आहेत, कारण काळसर, चिकण आणि ओल धरणारी माती प्रवाहाला सहज वाट देते, तर मुरमाड बरड जमीन ती अडवते. मातीच्या या गुणाला विशिष्ट रोध म्हणतात; एक मीटर लांब, रुंद व उंच अशा मातीच्या घनाचा जो रोध, तो ओहम-मीटरमध्ये मोजतात. ओल्या काळ्या मातीत तो दहा-वीसच्या आसपास, मध्यम वाळूमिश्रित मातीत शंभराच्या आसपास, आणि कठीण खडकाळ जमिनीत हजाराच्याही पुढे जातो.

अर्थिंगची भारतीय संहिता म्हणजे भारतीय मानक 3043. ती प्रथम 1966 मध्ये आली, 1987 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये सुधारली गेली. तिच्यात दिलेल्या सूत्राने हिशेब केला, तर अडीच मीटर लांब आणि चार सेंटिमीटर व्यासाचा जस्ताचा मुलामा दिलेला एक पाइप, शंभर ओहम-मीटरच्या मातीत पुरला असता, सुमारे 35 ओहम रोध देतो. तोच पाइप वीस ओहम-मीटरच्या काळ्या मातीत सात ओहम देईल, आणि हजाराच्या खडकाळ जमिनीत साडेतीनशे. एका पाइपाने भागत नसेल तर त्याच्या दुप्पट लांबीच्या अंतरावर, म्हणजे पाच मीटरांवर, दुसरा पाइप पुरून दोन्ही जोडावेत. रोध जवळजवळ अर्ध्यावर येतो. दोन पाइप हातभर अंतरावर ठोकले, तर दोन्ही मातीचा तोच भाग वापरतात आणि दुसऱ्या पाइपाचा खर्च बराचसा वाया जातो. मीठ आणि कोळशाचे थर घालण्याची प्रथा सर्वांना परिचित आहे. कोळसा ओल धरतो आणि मीठ विरघळून वाहकता वाढवते. पण मिठाचा हा गुण उसना आहे, कारण दर पावसाळ्यात ते धुपून जाते, आणि जाताना जस्ताचा मुलामाही खात जाते. एकदा भरलेला खड्डा वीस वर्षे चालतो, ही समजूत त्यामुळे खरी नाही.

या सगळ्यावर ऋतूची कडी आहे. मातीतील ओल साधारण वीस टक्क्यांच्या वर असेपर्यंत रोधात फारसा फरक पडत नाही, त्याच्या खाली गेली की तो झपाट्याने वाढतो. झाडीपट्टीत रोवणीच्या दिवसांत बांध्यांत पाणी साचलेले असते आणि अर्थिंगचा खड्डा आपोआप उत्तम असतो. वैशाखात तीच जमीन भेगाळते, खड्ड्याची ओल पाइपाच्या खाली उतरते, आणि नेमक्या त्याच वेळी, पहिला दमदार पाऊस पडण्याच्या आधी, विजांची वादळे सुरू होतात. वर्षातील सर्वांत वाईट अर्थिंग आणि आभाळातील पहिला कडकडाट एकाच पंधरवड्यात गाठ घालतात. खड्ड्यात पाणी ओतण्यासाठी वरून नरसाळे बसवण्याची जी जुनी पद्धत आहे तिचे प्रयोजन हे आहे. मात्र अनेक ठिकाणी त्या नरसाळ्यावर फरशी बसलेली आढळते.

आता या 35 ओहमचा अर्थ काय होतो ते पाहणे बोधप्रद आहे. समजा, संगणकाच्या लोखंडी पेटीला आतून फेजचा स्पर्श झाला. 230 व्होल्टचा पुरवठा आणि 35 ओहमची वाट, म्हणजे प्रवाह जेमतेम साडेसहा अँपिअर. सोळा अँपिअरची एमसीबी त्याने कधीच पडणार नाही, आणि पेटी तशीच जिवंत राहील. म्हणूनच गावाकडच्या जमिनीत नुसत्या अर्थिंगवर विसंबणे योग्य नाही, आरसीसीबी नावाचे उपकरण हवेच. ते फेज आणि न्यूट्रलमधील प्रवाहांची तुलना करते आणि त्यांत 30 मिलिअँपिअरचा फरक आढळताच पुरवठा तोडते. ते असेल तर काहीशे ओहमचे अर्थिंगही माणसाचा जीव वाचवायला पुरते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून तो पेटला की अर्थिंग चांगले, असे समजण्याची जी रीत आहे, तीही इथेच तपासून घ्यावी. शंभर वॉटच्या पेटत्या बल्बचा स्वतःचा रोध सुमारे 529 ओहम असतो. त्याच्यापुढे 35 तर सोडाच, शंभर ओहमचे अर्थिंग असले तरी बल्बला 190 व्होल्टच्या वर दाब मिळतो आणि तो डोळ्यांना पुरेसा उजळ दिसतो. अर्थिंग आहे एवढेच बल्ब सांगतो, ते कसे आहे हे सांगत नाही. शिवाय ही चाचणी स्वतःच धोक्याची आहे.

संदेशवहनाच्या तारा आणि जमीन यांचे नाते वीजपुरवठ्याहून जुने आहे. म्युनिकच्या कार्ल श्टाइनहाइल यांनी 1838 मध्ये दाखवून दिले की तारायंत्राला जाण्यासाठी एक आणि परतण्यासाठी एक अशा दोन तारांची गरज नाही, परतीची वाट जमिनीतून मिळू शकते; आणि पुढच्याच वर्षी, 1839 मध्ये, विल्यम ओशॉनेसी या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टराने कलकत्त्याजवळ तार टाकून केलेल्या प्रयोगात हुगळी नदीच्या पाण्याचाच मंडलाचा भाग म्हणून उपयोग केला. पुढे देशभर पसरलेले तारायंत्र एका लोखंडी तारेवर आणि जमिनीवर चालले. उघड्या माळावरून मैलोन्‌मैल गेलेली ती तार वादळात वीज गोळा करीत असे, म्हणून तारघरात तार यंत्राला भिडण्यापूर्वी धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बारीक फट ठेवून त्यांतील एक पट्टी जमिनीला जोडत; नेहमीचा क्षीण प्रवाह ती फट ओलांडत नसे, पण विजेचा उच्च दाब ती ओलांडून जमिनीत उतरे. टेलिफोनमध्ये त्याच कल्पनेचे कोळशाचे ठोकळे आले, नंतर विरळ वायू भरलेल्या नळ्या आल्या. आजच्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये झिंक ऑक्साइडची जी चकती असते, जिला व्हॅरिस्टर किंवा एमओव्ही म्हणतात, तिचे तत्त्वही निराळे नाही: साध्या दाबाला बंद दार, जादा दाबाला उघडे. भारतातील तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, पण तारमास्तरांना ठाऊक असलेली एक गोष्ट आज विस्मरणात गेली आहे, ती म्हणजे दार कितीही चांगले असले तरी त्यापलीकडची मातीपर्यंतची वाट आखूड आणि सरळ लागते.

आखूड का, याचे उत्तर रोधात सापडत नाही. सर्ज ही सेकंदाच्या दशलक्षांश भागांत चढणारी लाट आहे, आणि इतक्या वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला साधी सरळ तांब्याची तारसुद्धा विरोध करते. या गुणाला प्रेरकत्व म्हणतात. एक मीटर तारेचे प्रेरकत्व सुमारे एक मायक्रोहेन्री धरले, आणि आठ मायक्रोसेकंदांत दहा हजार अँपिअरपर्यंत चढणारा प्रवाह घेतला, तर त्या एका मीटरच्या दोन टोकांत बाराशे पन्नास व्होल्टचा फरक उभा राहतो. तारेचा जाडपणा इथे फारसा उपयोगी पडत नाही. सानगडीच्या परिसरात तलाव आणि बोड्या पुष्कळ, त्यांच्या पाळीखालची माती बारमाही ओली; तेव्हा अर्थिंगचा पाइप तिथेच पुरावा, असा विचार कोणालाही सुचेल, आणि मेगरवर, म्हणजे अर्थचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर, त्याचा आकडाही सुरेख येईल. परंतु घरापासून तीस मीटर तार नेली, तर वरील हिशेबाने साडेसदतीस हजार व्होल्ट त्या तारेतच उभे राहतील आणि लाट तलावाऐवजी संगणकाची वाट धरील. घराच्या भिंतीलगतचा पस्तीस ओहमचा पाइप, सर्जपुरता, तलावाच्या पाळीवरच्या पाच ओहमच्या पाइपापेक्षा सरस आहे. अर्थची उरलेली तार कापायला नको म्हणून तिची नीट गुंडाळी करून बोर्डामागे ठेवणे हीदेखील याच जातीची चूक होय.

तरीही भिंतीलगतच्या पाइपाने प्रश्न सुटत नाही, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा इथे येतो. विजेचा एक प्रातिनिधिक तडाखा तीस हजार अँपिअरच्या घरातील असतो. त्यातले केवळ एक हजार अँपिअर जरी घराच्या 35 ओहमच्या अर्थिंगमधून उतरले, तरी घराची अर्थ पट्टी दूरच्या जमिनीच्या तुलनेत क्षणभर पस्तीस हजार व्होल्टवर चढते. अर्थ म्हणजे शून्य ही शाळेतील व्याख्या त्या क्षणी खोटी असते. हे समजण्यासाठी तलावातला डोंगा डोळ्यांपुढे आणावा. पाणी चढले की डोंगा चढतो, आणि त्यात बसलेली माणसे, जाळे, टोपली सगळे त्याच्याबरोबर चढते. कोणाला काही होत नाही. पण डोंगा जर आखूड दोराने काठावरच्या खुंटाला बांधलेला असेल, तर पाणी चढताना तो त्या बाजूला कलंडतो. घराच्या अर्थपासून स्वतंत्र राहिलेली टेलिफोनची तार, शेजारच्या इमारतीतून आलेली इंटरनेटची तांब्याची केबल, किंवा संगणकासाठी म्हणून मुद्दाम पुरलेला वेगळा अर्थिंगचा पाइप, हे सगळे काठावरचे खुंट आहेत. त्यांचा दाब दूरच्या जमिनीचा, घराचा दाब पस्तीस हजारांचा, आणि या दोहोंना जोडणारी घरातील एकमेव वस्तू म्हणजे मोडेम. तो जळतो यात नवल नाही.

म्हणून संगणकाला वेगळे, शुद्ध अर्थिंग द्यावे, हा जो सल्ला अजूनही दिला जातो, तो चुकीचा आहे असे स्पष्ट म्हणावे लागेल. पाइप दोन काय, चार असावेत. मात्र ते सगळे एकमेकांना जाड वाहकाने जोडलेले हवेत. बोअरवेलची लोखंडी केसिंग, छपरावरच्या सौर पट्ट्यांची चौकट, डिश अँटेनाचा खांब आणि केबलचे बाह्य आवरण, टेलिफोनच्या संरक्षक नळीचे अर्थ टोक, हे सर्व एकाच पट्टीवर आणून मिळवावे. या क्रियेला समविभव बंधन म्हणतात, म्हणजे सर्वांचा दाब एकाच वेळी चढेल आणि एकाच वेळी उतरेल अशी बांधणी. शक्य असेल तिथे सर्व तारा घरात एकाच बाजूने, मीटरजवळून घ्याव्यात, मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवावा, आणि त्याच्या जोडणीच्या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. वीज एका दाराने आणि टेलिफोन मागच्या दाराने घेतला, तर मधल्या भिंतींच्या लांबीएवढा दाबाचा फरक घरात आयता तयार होतो.

बाजारात स्पाइक गार्ड या नावाने मिळणारी सॉकेटपट्टी घेतली की काम झाले, असा समज शहरातही आहे. तिच्यात बहुधा एमओव्हीच्या चकत्या असतात; एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये, आणि चांगल्या पट्टीत आणखी दोन, अर्थकडे जाणाऱ्या. भिंतीवरच्या सॉकेटचे अर्थचे भोक मागून रिकामे असेल, आणि जुन्या घरांत ते अनेकदा असते, तर त्या दोन चकत्या लाट मातीत नेण्याऐवजी पट्टीवर लावलेल्या सर्व यंत्रांच्या अर्थ पिनांवर पसरवतात. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन लांब आणि जाड ठेवलेली असते ती अर्थ सर्वांत आधी जुळावा आणि सर्वांत शेवटी सुटावा म्हणून. ती मोडून प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसवणे म्हणजे या योजनेचा पायाच काढून घेणे होय. संगणकाच्या पेटीला हात लावताच येणाऱ्या झिणझिण्या ही त्याची खूण आहे: आतील गाळणीचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्या मध्यावरचा, म्हणजे सुमारे 115 व्होल्टचा, दाब पेटीवर आणून ठेवतात आणि त्याला उतरायला वाट नसते. प्रवाह अत्यल्प असल्याने तो सहसा जीवघेणा नसतो, पण अर्थ तुटल्याची ती फुकट मिळालेली सूचना आहे. या झिणझिण्या घालवण्यासाठी सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकणारे कारागीर आहेत. न्यूट्रल कुठेही तुटले की घरातील प्रत्येक धातूची पेटी फेजवर येते, इतकेच त्याविषयी सांगणे पुरे.

भारतनेट योजनेने, जी 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे म्हणून मंजूर झाली, ग्रामपंचायतींपर्यंत तांब्याऐवजी काचेचा तंतू नेण्याचे ठरवले, आणि सर्जच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे, कारण काच वीज वाहत नाही. घराबाहेरचा एक खुंट त्यामुळे आपोआप उपटला जातो. पण तंतू जिथे संपतो तिथून पुढे तांबे सुरू होते. एका घरातील स्विचपासून गल्लीपलीकडच्या घरात ओढलेली लॅन केबल, किंवा गोठ्यावरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यापासून घरातील रेकॉर्डरपर्यंत आलेली तार, या आजच्या टेलिफोन तारा आहेत. दोन इमारतींमध्ये तांबे ओढू नये, तिथे तंतू किंवा बिनतारी जोडणी वापरावी, हा नियम पाळला तर अर्धे काम होते.

एका गोष्टीचा दोष मात्र आभाळाला देता येणार नाही. डीपीपाशी, म्हणजे गावच्या रोहित्रापाशी, किंवा खांबावर न्यूट्रल तुटले, तर तीन फेजांवर वाटलेली घरे एकमेकांशी मालिकेत जोडली जातात, आणि ज्या फेजवर भार कमी तिथे दाब चारशे व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. हा कित्येक मिनिटे टिकणारा चढ आहे. सर्ज प्रोटेक्टरच्या चकत्या क्षणिक लाटेसाठी असल्याने त्या अशा वेळी तापून जळतात. विजेने गेले असे सांगितल्या जाणाऱ्या टीव्ही-संगणकांत अशा बिघाडाचे बळीही मिसळलेले असतात, आणि त्यावर उपाय अर्थिंगचा नसून जादा दाबाला पुरवठा तोडणाऱ्या स्वतंत्र उपकरणाचा आहे.

कायद्याने या बाबतीत हात झटकलेले नाहीत. ग्राहकाच्या जागेत त्याच्या वापरासाठी अर्थचे टोक उपलब्ध करून देण्याची जबाबदारी 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी पुरवठादारावर टाकली होती, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा विनियमांनीही ती कायम ठेवली. नव्या जोडणीच्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. त्या अहवालात अर्थ रोधाचा आकडा लिहिलेला असतो, तो प्रत्यक्ष मापून लिहिला आहे काय, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि तो क्वचितच बजावला जातो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी हे मोबाइल ॲप आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असल्याची सूचना देते. ती सूचना येताच, कडकडाट डोक्यावर येण्याच्या आधी, संगणकाचा प्लग काढावा आणि त्याबरोबर लॅनची किंवा टेलिफोनची तारही काढावी. एकच काढून दुसरी ठेवणे म्हणजे डोंग्याचा एक दोर सोडून दुसरा तसाच ठेवणे.

पावसाची ओल जमिनीत असते त्या दिवसांत अर्थिंग मोजले तर आकडा समाधानकारक येईल. सानगडीच्या जमिनीत खरा आकडा मे महिन्याच्या मध्यावर येतो. मोजणी तेव्हा करावी.